चोंदलेला कॅटकॉन आणि तेल पिणारी सिटी

कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर अडून बसली आणि पेडल जमिनीला टेकवूनही पुढे जाईना, तेव्हा माझ्या लक्षात आले की गेले तीन महिने आपण ज्याला गाडीचे म्हातारपण समजत होतो, ते म्हातारपण नव्हतेच. पोटात जोर असलेला पण गळा आवळलेला माणूस जसा वागेल, तशी ती वागत होती. इगतपुरीला ढाब्यावर थांबलो, अंधार पडला होता, म्हणून सहज वाकून गाडीखाली पाहिले, तर कॅटकॉनचा, म्हणजे धुरातले विषारी वायू निकालात काढणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा मंद लाल दिसत होता. पेटत्या कोळशावर राख धरल्यावर जो रंग उरतो, तसा. तेथेच अर्धे निदान झाले.

गाडी 2002 सालची, मुंबईत नोंदलेली होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. दीड लिटरच्या इंजिनातून 106 अश्वशक्ती ही त्या काळी आपल्याकडे चैन होती, आणि 2003 मध्ये आलेल्या नव्या आकाराच्या सिटीत सुरुवातीला 77 अश्वशक्तीचेच इंजिन मिळाल्यामुळे जुन्या व्हीटेकभोवती एक प्रेमळ गोतावळा जमला, तो अजून टिकून आहे. या इंजिनाची सगळी गंमत वरच्या फेऱ्यांमध्ये आहे. व्हीटेकमधला, व्हॉल्व्ह अधिक उघडणारा कॅम कामाला लागला की आवाज बदलतो आणि गाडी नव्याने पळू लागते. चोंदलेला कॅटकॉन नेमका तेथेच घाव घालतो, कारण आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना, बाहेर पडणारा धूर थोडा असतो आणि तो कसाबसा निघून जातो, पण फेऱ्या वाढल्या की वायूचे प्रमाण वाढते आणि अडथळ्यामागचा दाब त्याहूनही वेगाने चढतो. सर्दीने नाक चोंदलेला माणूस बसल्या जागी तासभर गप्पा मारू शकतो, जिना चढू लागला की मात्र तोंड उघडतो. इंजिनाला उघडायला दुसरे तोंड नसते.

त्याआधीचे तीन महिने चुकीच्या दिशेने गेले, हे कबूल केले पाहिजे. पिकअप कमी झाला म्हणून पेट्रोल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, क्लच घसरतो आहे का तेही पाहिले. डॅशबोर्डवर दिवा एकदाही लागला नाही. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून दिवा लावण्याची व कोड देण्याची सोय, सक्तीची झाली ती बीएस-4 या प्रदूषण निकषांच्या काळात, 2010 नंतर, त्यामुळे या वयाच्या गाडीने आपणहून तक्रार करावी ही अपेक्षाच चूक आहे. आणि नव्या गाडीतही पी0420 हा कोड कॅटकॉनची रासायनिक कार्यक्षमता घटल्याचे सांगतो, वायूची वाट बंद झाल्याचे नव्हे. वाट मोकळी असूनही हा कोड येऊ शकतो आणि वाट बंद होऊनही तो येणार नाही, असे दोन्ही घडते.

म्हणून जुन्या पद्धतीची दोन मापने केली. पहिले व्हॅक्युम गेजचे, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढते त्याचे. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला गेज जोडले, आयडलवर काटा पाऱ्याच्या एकोणीस इंचांवर स्थिर होता, म्हणजे निरोगी. मग अडीच हजार फेऱ्या धरून ठेवल्या. निरोगी गाडीत काटा क्षणभर खाली येऊन पुन्हा वर जातो आणि तेथे थांबतो. माझ्याकडे तो वर गेला आणि मग भरतीनंतरचे पाणी ओसरावे तसा हळूहळू अकरापर्यंत उतरला. दुसरे माप बॅक प्रेशरचे, म्हणजे अडथळ्यामुळे धुराच्या वाटेत साचणाऱ्या दाबाचे. कॅटकॉनच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचे गेज बसवायचे असते. आटे अठरा मिलिमीटर व्यासाचे आणि दीड पिचचे असतात, आणि 22 चा पाना लागतो. सेन्सर इतक्या वर्षांचा गंजलेला असल्यामुळे आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले आणि सकाळी इंजिन थोडे कोमट करून तो सोडवला. थंड लोखंडावर जोर केला असता तर आटे हातात आले असते. आयडलवर सव्वा ते दीड पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) आणि अडीच हजारांवर तीनपर्यंत दाब चालतो. माझ्या गेजने आयडलवर दोन आणि अडीच हजारांवर जवळजवळ सात दाखवले. गेज काढून ते भोक तसेच उघडे ठेवून इंजिन फिरवले, तेव्हा कानठळ्या बसल्या, पण फेऱ्या जुन्या दिवसांसारख्या वर चढल्या. शेजाऱ्यांची माफी मागितली.

इन्फ्रारेड थर्मामीटरने आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपाचे तापमान मोजण्याची रीतही बरेच जण सांगतात. मी तीही केली, पण गंजलेल्या पत्र्यावरून आणि उष्णतारोधक कवचामुळे येणाऱ्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास बसला नाही.

आता खरा प्रश्न. कॅटकॉन आपणहून क्वचितच मरतो. आत कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची बारीक जाळी असते, तिच्यावर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियमचे कण. तापमान अडीचशे-तीनशे अंशांवर गेले की त्यांचे काम सुरू होते आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइड्स ही तिन्ही एकाच डब्यात निकालात निघतात. त्याचे जुने शत्रू म्हणजे पेट्रोलमधले शिसे, आणि म्हणूनच 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावे लागले. 2000 सालापासून शिसे देशभरातून गेले. आजचे शत्रू तीन: इंजिनातले तेल, गळणारे कूलंट आणि मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे, ज्याला गॅरेजात मिसिंग म्हणतात. आपल्याकडे चौथाही आहे, तो म्हणजे पावसाळ्यात तापलेल्या डब्यासह साचलेल्या पाण्यात घातलेली गाडी, कारण अचानक गार पडलेली सिरॅमिकची जाळी तडकते आणि तिचे तुकडे वाट अडवून बसतात.

माझा गुन्हा पहिल्या आणि तिसऱ्या शत्रूचा होता, आणि तो पूर्णपणे माझाच होता. दोन वर्षांपासून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक ढग निघायचा, आणि घाट उतरून पुन्हा पेडल दाबले की आरशात तोच ढग दिसायचा. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल आत जाऊ न देणारे व्हॉल्व्ह सील गेल्याची ही पाठ्यपुस्तकी खूण आहे, कारण इंजिन ब्रेकिंगमध्ये व्हॅक्युम वाढतो आणि तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून आत ओढले जाते. दर हजार किलोमीटरला पाऊण लिटर तेल मी निमूटपणे ओतत राहिलो आणि 'जुनी गाडी आहे, पिणारच' असे म्हणत राहिलो. तेलातले फॉस्फरस आणि जस्त जाळीच्या तोंडावर काचेसारखा थर धरतात. त्यात तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तेलाने माखून मधूनमधून मिसिंग करू लागला, न जळलेले पेट्रोल थेट कॅटकॉनमध्ये जाऊन तेथे पेटले आणि जाळी वितळली. मिसिंग मला ऐकू येत होते. प्लगला वीज पुरवणारी हाय टेन्शन वायर बदलू, असे दोन महिने मनात होते.

डबा सोडवून खाली घेतला तेव्हा गॅरेजवाले काका म्हणाले, "साहेब, पोट रिकामं करून देतो, गाडी उडेल." म्हणजे छिन्नीने जाळी फोडून रिकामा डबा परत बसवायचा. हा सल्ला इतका सर्रास मिळतो की तो नाकारणारा माणूस विक्षिप्त ठरतो. पण चोंदलेल्या कॅटकॉनच्या तुलनेत रिकामा डबा उडणारच, तुलना निरोगी कॅटकॉनशी करायला हवी, आणि 106 अश्वशक्तीच्या इंजिनात तो फरक चालवणाऱ्याला जाणवेल असे मला वाटत नाही. शिवाय माझ्यासारख्या बीएस-2 निकषांच्या गाडीला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्का आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम यांच्या आत राहावे लागते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणीसाठी उभे राहावे लागते ते वेगळेच. काकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी खांदे उडवले, पण पाना ठेवला नाही.

पेट्रोलमध्ये ओतायच्या साफ करणाऱ्या बाटल्यांविषयी एकच वाक्य पुरे: काजळी थोडीफार जळू शकते, वितळलेले सिरॅमिक पुन्हा जाळी होत नाही. कुर्ल्याच्या बाजारात एक जुना कॅटकॉन पाहिला. बॅटरी लावून आरपार प्रकाश दिसला, पण लेप शिल्लक आहे की विषारला आहे हे प्रकाशाला कळत नाही, म्हणून तो सोडला.

मग क्रम ठरवला. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब तपासला. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत. हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागेवर धरून सोळाही सील बदलले. प्लग आणि वायरी नव्या घातल्या. त्यानंतरच नवा, दर चौरस इंचाला चारशे छिद्रांचा सिरॅमिक कॅटकॉन जुन्या जागीच, जुन्या फ्लँजमध्ये वेल्डिंग करून बसवला. इंजिनापासून लांब बसवला असता तर तो तापायला वेळ लागला असता. दोन्हीकडचे पॅकिंग नवे घेतले, कारण सेन्सरच्या आधी जरा जरी हवा शिरली तरी मिश्रण पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आहे, असा सेन्सरचा गैरसमज होतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि नवा डबा जुन्याच्या वाटेने जातो.

जुन्या डब्याचे पोट मी कुतूहलाने कापून पाहिले. तोंडावर मास्क बांधला होता, तो बांधाच, कारण ती धूळ आणि भोवतीच्या चटईचे तंतू फुप्फुसात जाण्यासारखे नसतात. पुढची दोन बोटे जाडी गुळाच्या ढेपेसारखी एकजीव झाली होती, कडेला थोडी छिद्रे उघडी होती, त्यांतूनच गाडी तीन महिने श्वास घेत होती. मागची जाळी मात्र मधाच्या पोळ्यासारखी शाबूत. भंगारवाल्याने माझ्याकडे न पाहता आधी डब्याकडे पाहिले आणि मी सांगण्याआधीच भाव सांगितला.

बॅक प्रेशर पुन्हा मोजले, अडीच हजारांवर एकच्या आसपास आले. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 0.12 टक्के. गेल्या रविवारी कसारा पुन्हा चढलो, आणि परत आल्यावर डिपस्टिक पुसून पाहिली: सील बदलल्यापासून बाराशे किलोमीटर झाले आहेत, तेल वरच्या खुणेपासून जेमतेम केसभर खाली आहे.