धाब्याच्या घरात टॅबला नेट जोडलं, त्याचा अनुभव

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा माझ्याआधी सुरतेहून भावाने पाठवलेला एक टॅब घरी येऊन पडला होता. २०२० मध्ये शाळा मोबाईलवर भरायला लागल्या तेव्हा भाचीसाठी घेतलेला. शाळा उघडली आणि टॅब कपाटात गेला. भावाने तो पुसून, चार्ज करून आमच्या वडिलांसाठी, नानांसाठी पाठवला, कारण नानांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय आणि दुसऱ्या डोळ्याने त्यांना फारसं दिसत नाही. फोनवर अक्षर मोठं केलं की ओळीत दोन-तीन शब्द मावतात. कापसाचा भाव, पेपर, हरिपाठ, कीर्तन हे सगळं ते नाकाला फोन लावून बघायचे. "बेटा, काही दखास नही माले," असं म्हणून फोन खाली ठेवायचे. ज्या माणसाने पन्नास वर्षं रोज पेपर वाचला, त्याला असं बघवत नाही.

टॅबला सिमची जागाच नव्हती. अमळनेरला एका मोबाईलच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "ताई, याला नेट लागणार नाही. घरी वायफाय बसवा, नाहीतर सिमवाला नवा घ्या." आमच्या गल्लीत केबल आलेली नाही. आली असती तरी लाइट गेली की राउटर बंद. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. फोनचं तसं नाही, त्याची बॅटरी त्याच्या पोटातच असते. नानांचा फोन बऱ्यापैकी नवा आहे, त्यात रोजचा दीड जीबी डेटा आहे आणि नानांच्याने तो कधीच संपत नाही. तोच डेटा टॅबला द्यायचा, म्हणजे फोनचा हॉटस्पॉट करायचा, असं मी ठरवलं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तीन दिवस लागले. मी धुळ्याला परत गेल्यावर ते नानांना आणि मायला एकट्याने जमलं पाहिजे, ही माझी अट होती, म्हणून मी घाई केली नाही.

पहिली अडचण म्हणजे हॉटस्पॉटचं बटणच दाबलं जाईना, नुसतं धुरकट दिसायचं. बऱ्याच वेळाने कळलं की भावाने फोन देताना 'डेटा सेव्हर' चालू करून ठेवला होता. तो चालू असला की अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट देत नाही. तो बंद केला, हॉटस्पॉट लागला. पण टॅबमध्ये वायफायच्या यादीत नानांच्या फोनचं नाव येईना. दोन्ही बंद करून चालू केले, शेजारी शेजारी ठेवले, नाही म्हणजे नाही. माय म्हणाली, "दुकानवाला खरं बोलना व्हई." मग मी माझ्या जुन्या फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला. टॅबने तो लगेच दाखवला. म्हणजे टॅब चांगला होता, फरक नानांच्या फोनमध्ये होता. कुणाला ही अडचण आली तर आधी हेच करा, दुसरा एखादा फोन लावून बघा. दोष कोणत्या बाजूला आहे ते दोन मिनिटांत समजतं.

फरक होता बँडचा. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली जास्त वेगवान, पण तिचा पल्ला कमी आणि भिंतीपुढे ती लवकर दमते. २.४ वाली हळू, पण लांब जाते, भिंतीतूनही बरी जाते. नानांचा नवा फोन हॉटस्पॉट पाचवर देत होता आणि त्या वेळच्या स्वस्त टॅबला फक्त २.४ कळतं. त्याला ते नाव दिसणार तरी कसं? हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' असतो, तो २.४ केला आणि यादीत नाव आलं. काही फोनमध्ये बँड असं लिहिलेलं नसतं, जुन्या उपकरणांशी जुळवून घेण्याचा पर्याय असतो. आयफोनमध्ये त्याला 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' म्हणतात.

नाव आलं, पासवर्ड टाकला, तरी टॅब 'जोडत आहे' म्हणत राहायचा आणि शेवटी सोडून द्यायचा. ही गाठ सुरक्षेची होती. फोनने डब्ल्यूपीए३ लावलं होतं, ही पद्धत २०१८ पासून आली, आणि टॅबला त्याच्या आधीची डब्ल्यूपीए२ च येते. तीही चांगली आहे. तिच्यावर आणलं आणि टॅब जोडला गेला. गल्लीतला एक मुलगा म्हणत होता, पासवर्डच काढून टाका, म्हणजे भानगड नको. ते मात्र करू नये. सिम नानांच्या नावावर आहे, ओट्यावर बसून कोण त्या नेटवरून काय करेल ते आपल्याला कळणारही नाही.

पासवर्डला नानांनी शेताचा गट नंबर सांगितला. तो तीन आकडी निघाला आणि पासवर्डला कमीत कमी आठ अक्षरं लागतात. मग त्यांनी विहिरीला पाणी लागलं ते साल जोडलं आणि पुढे मी थोडं काही घातलं. काय ते इथे सांगत नाही. टॅब तो एकदा लक्षात ठेवतो, त्यामुळे नानांना पुन्हा कधी टाकावा लागत नाही.

नाव मात्र मला मराठीतच हवं होतं, म्हणजे यादीत ते नानांना ओळखता येईल. 'नानांचा मोबाईल' लिहिलं तर फोन घेईना. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, अनुस्वारालाही तीन-तीन. मी बोटांवर मोजलं, 'नानांचा मोबाईल' ४० भरले. 'नानांचा फोन' बरोबर ३१. तेच ठेवलं. टॅबवर मोठ्या अक्षरात 'नानांचा फोन' उमटलं आणि नानांनी ते मोठ्याने वाचलं. त्या दिवशी त्यांनी चष्मा न शोधता वाचलेली ती पहिली ओळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच नेट संपलं.

नानांनी पेपरची चारच पानं वाचली होती आणि दीड जीबी गेला कुठे? ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. टॅबला हॉटस्पॉट हा फोनचा मोजका डेटा आहे हे कळेलच असं नाही. त्याच्या लेखी ते वायफाय, आणि वायफाय म्हणजे हवं तेवढं. कपाटात पडून राहिलेला टॅब नेट मिळताच जागा झाला आणि एवढ्या वर्षांची थकबाकी वसूल करायला लागला. एकेक ॲप अपडेट होत होतं, भाचीचे जुने फोटो वर चढत होते, टॅब स्वतःचाही अपडेट मागवत होता. नानांच्या पॅकमध्ये दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात पेपरचं एक पानही धड उघडत नाही. नाना काही बोलले नाहीत, टॅब बाजूला ठेवून दिला. मला फार वाईट वाटलं. एकदा असं झालं की वयस्कर माणूस पुन्हा हात लावायला कचरतो.

त्या रात्री बारानंतर नवा डेटा आला तेव्हा मी जागीच होते. टॅबच्या वायफायमध्ये 'नानांचा फोन' वर दाबून धरलं, आत 'मीटर्ड' असा पर्याय होता, तो निवडला. म्हणजे हे नेट मोजून मिळतं, असं टॅबला सांगितलं. प्ले स्टोअरमधले आपोआप होणारे अपडेट बंद केले. फोटोंचा बॅकअप बंद केला. भाचीची शाळेची ॲप काढून टाकली, भावाला विचारून. यूट्यूबवर व्हिडिओचा दर्जा ३६० वर ठेवला. कीर्तनाला त्याच्यापेक्षा जास्त लागत नाही, महाराजांचा चेहरा ओळखू आला आणि आवाज स्वच्छ आला की झालं. तेव्हापासून दिवसाअखेर निम्मा डेटा शिल्लक असतो.

आता फोन ठेवायचा कुठे? आमचं घर धाब्याचं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडावर माती. वैशाखात बाहेर ४४ अंश असलं तरी माजघरात बरं वाटतं. पण जी भिंत ऊन अडवते, ती टॉवरचं नेटवर्कही अडवते. माजघरात नानांच्या खाटेशी फोन ठेवला तर एकच काडी. सगळे फोन उशाशी ठेवतात आणि नेट नाही म्हणतात. फोनने दोन कामं करायची असतात, टॉवरकडून घ्यायचं आणि टॅबला द्यायचं. घेण्याचं काम अवघड, देण्याचं सोपं. म्हणून फोन टॉवर मिळेल तिथे आणि टॅब माणसापाशी. मी फोन हातात घेऊन घरभर फिरले, शेवटी खिडकीत चार काड्या मिळाल्या. तिथून नानांची खाट वीसेक फूट. मधलं दार उघडं असलं तर टॅबवर वायफाय पूर्ण, लावलं तर दोन रेघा, पण चालतं.

दुपारी दोनला मात्र त्याच खिडकीत फोन तापून चार्जिंग थांबल्याचा संदेश आला. हॉटस्पॉटने फोन मुळातच गरम होतो, त्यात चार्जर लावलेला आणि खिडकीतून झळा. फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपन्याच सांगतात, आमच्याकडे मेमध्ये तेवढं सकाळीच होतं. मायने ओलं फडकं आणलं, माठाला गुंडाळतो तसं गुंडाळायला. मी तिला थांबवलं, ओल चार्जिंगच्या तोंडात गेली तर फोन कायमचा जायचा. फोन ओसरीतल्या कोनाड्यात नेला. तिथे काड्या तीन, पण दिवसभर सावली. कव्हर काढलं. दुपारी बारा ते चार चार्जिंग लावायचं नाही असं ठरलं. पुन्हा तसा संदेश आला नाही.

ब्लूटूथनेही टॅबला नेट देता येतं, तेही करून पाहिलं. बॅटरी खरंच कमी खातं, फोन गार राहतो. पण वेग कमी, पेपरपुरता ठीक, व्हिडिओ अडखळतो. शिवाय फोनमध्ये एक आणि टॅबमध्ये एक असं दोन्हीकडे जाऊन चालू करावं लागत होतं. नानांना ते जमेना. सोडून दिलं.

राहिलं ते हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याचं. काही वेळ कुणी जोडलेलं नसलं की फोन बॅटरी वाचवायला तो बंद करतो. नाना दुपारी डोळा लावायचे, उठायचे तर नेट गेलेलं. ती सोय काढून टाकता येते, पण मग फोन रात्रभर उगाच तापत राहील. त्यापेक्षा चालू करायला शिकलेलं बरं. वरून पडदा ओढला की दिसणाऱ्या बटणांत हॉटस्पॉट पहिल्या जागी आणला. नानांना तो दिसेना, मायला दिसला. माय शाळेत गेलेली नाही. तिने चित्र बघितलं, मधोमध ठिपका, भोवती कमानी, आणि म्हणाली, हे तर विहिरीत खडा टाकल्यासारखं आहे. त्यानंतर तिला एकदाही सांगावं लागलं नाही. ओसरीत जाऊन पडदा ओढते, खडा दाबते, तो रंगला की आत येऊन नानांना सांगते.

आखाजीनंतर आठव्या दिवशी, वैशाख एकादशीला, अमळनेरला संत सखाराम महाराजांचा रथ असतो. दरवर्षी जाणारे नाना डोळ्यामुळे यंदा गर्दीत जाऊ शकले नाहीत. मी गेले आणि माझ्या फोनवर व्हिडिओ काढला, सहाशे एमबीचा झाला. व्हॉट्सॲपवर पाठवला असता तर नानांचा डेटा जाऊन वर चित्रही फिकं झालं असतं. ब्लूटूथने चाळीस मिनिटं तरी लागली असती. मी क्विक शेअर वापरलं, २०२४ च्या आधी त्याला निअरबाय शेअर म्हणायचे, बऱ्याचशा अँड्रॉइडमध्ये असतं. दोन्हीकडे ब्लूटूथ, वायफाय आणि लोकेशन चालू ठेवायचं. ब्लूटूथ फक्त एकमेकांना शोधायला, फाईल जाते ती वायफायच्या लहरींवरून, थेट फोनमधून टॅबमध्ये. नेट लागत नाही, डेटा जात नाही. आधी टॅब दिसेना, कारण त्यात फक्त ओळखीच्यांकडून घ्यायचं असं लावलेलं होतं. ते थोड्या वेळापुरतं सगळ्यांसाठी केलं आणि काम झाल्यावर परत फिरवलं. दोन मिनिटांत व्हिडिओ टॅबवर.

नानांनी तो मांडीवर घेऊन पाहिला. रथ वळतो तिथे थांबवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, दोर ओढणाऱ्या माणसांचे चेहरे एकेक करून पाहिले आणि तिघांना नावानिशी ओळखलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

आता मी धुळ्याला आहे. सकाळी सव्वासातला मायचा फोन येतो. मागे पेपर वाचणाऱ्या नानांचा आवाज येत असतो, आजचा कापसाचा भाव मोठ्याने. माय म्हणते, "नेट वनं. ठेवस आते."