कोले कल्याणची गाडी आणि आमचं स्नेहसंमेलन

आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन दरवर्षी जानेवारीत असतं. दीपप्रज्वलन, अहवाल, पाहुण्यांचा सत्कार, दहावी-बारावीच्या पोरांना बक्षिसं, हे सगळीकडे असतं तसंच. मी बसून राहतो ते आजींच्या भाषणासाठी.

आजींना स्टेजवर चढवायला दोघं लागतात, पण माईक हातात आला की कुणाचं ऐकत नाहीत. विषय एकच, आपलं कोले कल्याण, म्हणजे आताच्या कलिन्याचं जुनं रेल्वे स्टेशन! १९२८ला जीआयपी रेल्वे कंपनीने अंधेरीहून कुर्ला, चेंबूर करत ट्रॉम्बेपर्यंत गाडी काढली, जेमतेम १३ किलोमीटर, तिच्यावर एक सहार आणि एक आपलं. १९३४ला बंदसुद्धा झाली, कारण पॅसेंजरच मिळेनात आणि त्यात विमानतळाला जागा लागली. म्हणजे आजींचा जन्मही झाला नव्हता, सगळं त्यांच्या आईकडून ऐकलेलं, पण सांगतात अशा की आत्ताच अंधेरीहून उतरून आल्यात. आई वांग्यांची पाटी घेऊन डब्यात कशी चढायची ते पदर खोचून करून दाखवतात. मग विचारतात, "आता तिथं काय हाय सांगा?" आणि नेमकं तेव्हाच मंडपावरून विमान जातं, दरवर्षी! आजी माईक खाली करतात, वर बघून हात जोडतात, सगळे हसतात आणि माझा गळा दाटून येतो.

२०२४ला मेट्रोचं सहार रोड स्टेशन झालं तेव्हापासून त्यात एक वाक्य वाढलंय, "सहारला गाडी परत आली, जमिनीखालून का व्हईना, आता आमची आणा."

राग एकाच गोष्टीचा येतो, नवीन टॉवरमधली मंडळी लकी ड्रॉला बरोबर हजर होतात, तोवर आजी घरी गेलेल्या असतात.

आता आभार, कुणी राहिलं तर वर्षभर मलाच ऐकावं लागतं. मंडपवाले, साऊंडचा पोरगा, बटाटेवडे तळणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या वहिनी, खुर्च्या लावणारी नववीची पोरं (उचलायला कुणी थांबलं नाही ते सोडा), बाकं देणारे गावठाणातले कॅथलिक शेजारी, आपल्या मीटरवरून लाईट देणारे तळमजल्यावरचे काका, पाण्याचे जार आणणारा किराणावाला, आजींना ने-आण करून एक रुपया न घेणारा रिक्षावाला. हो, आणि रांगोळीवाल्या दोघी बहिणी, त्या गेल्या वर्षी राहिल्या होत्या.

पुढच्या वेळी आजींना लकी ड्रॉच्या बरोबर आधी उभं करायचं, कमिटीला आत्ताच सांगून ठेवतोय.