अंगावर काढलेले दुखणे

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीत मी बरीच वर्षे आरोग्य समुपदेशक म्हणून काम केले. त्या वर्षांतले एक करडे पाकीट अजूनही माझ्या डोळ्यांपुढे आहे. लैंगिक संसर्गावर सरकारी दवाखान्यांत लक्षणांनुसार औषधांची ठरावीक पाकिटे दिली जातात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा असतो: योनिमार्गाच्या दाहासाठी हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे, गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी करडे. असा संसर्ग नवऱ्यालाही असू शकतो, म्हणून त्याच्या वाटणीचे पाकीटही बायकोच्याच हाती दिले जाई. एक बाई अशी दोन पाकिटे घेऊन गेली आणि काही आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत आली. गोळ्या घेतल्या का, असे विचारल्यावर तिने पिशवीच्या तळातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. ते फोडलेलेही नव्हते. "ताई, हे त्याच्या हातात दिलं तर तो विचारणार, तुला हे कुठून लागलं म्हणून," एवढेच ती बोलली आणि तिने ब्लाउजची बाही दंडावरून खाली ओढली.

तिला मी दुसरे पाकीट दिले, कारण माझ्या नोंदवहीत तेवढ्यासाठीच रकाना होता. दंडावरच्या वळाची नोंद करायला त्या वहीत जागा नव्हती. आमच्या संस्थेत लैंगिक आरोग्याचा प्रकल्प वेगळा होता आणि कौटुंबिक हिंसाचाराचा वेगळा. दोन्हींना पैसे देणारे निराळे आणि अहवाल लिहिणारेही निराळे होते. त्या बाईच्या घरात मात्र या दोन गोष्टींमध्ये भिंत नव्हती. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील २८ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या माहितीचा अभ्यास २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवऱ्याकडून शारीरिक आणि लैंगिक असा दोन्ही प्रकारचा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीची लागण आढळण्याची शक्यता, असा अत्याचार न सोसलेल्या स्त्रियांच्या जवळजवळ चौपट असल्याचे त्यात दिसले. तो आकडा वाचताना मला ते न फोडलेले पाकीट आठवले.

आपल्या भाषेत बायका 'अंगावरून जाते' असे म्हणतात. उपचार न घेता सोसत राहण्यालाही आपण 'दुखणे अंगावर काढणे' असेच म्हणतो. नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागायची, ही म्हण तर वस्तीतल्या प्रत्येक सासूला पाठ होती, आणि ती म्हणताना त्यांच्या आवाजात राग नसे, समजूत घातल्याचा सूर असे. किती जणी काय अंगावर काढतात, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच पुढे आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. गावातल्या बायका आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात, हे कान देऊन ऐकल्याशिवाय ही तपासणी झालीच नसती, असे मला वाटते.

ऐकण्याचा हाच धागा धरून मुंबईत एक मोठे काम झाले आणि त्याने माझ्या कामाची दिशा बदलली. ईशान्य मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये २००१ पासून 'रिश्ता' या नावाने एक संशोधन प्रकल्प सुरू झाला. लैंगिक संसर्ग रोखणे हा त्याचा हेतू होता, पण संशोधकांनी सुरुवात रोगाच्या वैद्यकीय नावापासून केली नाही. वस्तीतले पुरुष कोणत्या तक्रारी घेऊन कुठे जातात, हे त्यांनी आधी पाहिले. पुरुष 'गुप्तरोग' म्हणत आणि त्या एका शब्दात कमजोरी, धातू जाणे, शीघ्रपतन यांची चिंता आणि खरा संसर्ग असे सगळे सामावलेले असे. ही तक्रार घेऊन ते मोठ्या रुग्णालयात न जाता गल्लीतल्या वैद्य-हकिमांकडे जात. मग प्रकल्पाने त्याच वैद्य-हकिमांना प्रशिक्षण दिले. पुरुष कमजोरीची गोष्ट सांगू लागला की ती मध्येच न तोडता ऐकायची आणि त्या गोष्टीतूनच दारू, बाहेरचे संबंध आणि बायकोशी वागणूक यांपर्यंत पोहोचायचे, अशी ती पद्धत होती. मर्दानगीबद्दलची धास्ती आणि बायकोवर उगारलेला हात यांचा एकमेकांशी संबंध असतो, हे त्या कामातून दिसून आले. बायकोला मारणारा पुरुष स्वतः कशाची तरी भीती बाळगून असतो, हे मला तोवर सुचलेही नव्हते. सुचल्यावरही माझा त्याच्यावरचा राग कमी झाला नाही, पण त्याच्याशी बोलता येईल, एवढे कळले.

पुढच्या टप्प्यात हेच काम स्त्रियांबरोबर झाले आणि त्याचे दार 'सफेद पानी' हे होते. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या कित्येक स्त्रियांमध्ये तपासणीत संसर्ग सापडत नसे, पण त्यांच्या बोलण्यात 'टेन्शन' हा शब्द हमखास येई, आणि टेन्शनच्या मागे नवऱ्याचे पिणे, मार, पैशांची ओढाताण आणि इच्छा नसताना होणारा संबंध असे. डॉक्टरांच्या लेखी हा निव्वळ नकारात्मक अहवाल होता. प्रकल्पाने त्याच तक्रारीला समुपदेशनाची सुरुवात मानले, नवरा-बायकोला एकत्र बसवले आणि वस्तीतल्या मशिदींच्या इमामांनाही या संवादात सहभागी करून घेतले. पांढरे जाण्यासाठी दवाखान्यात जायला कुठलीही सासू सुनेला अडवत नाही. मार खाल्ल्याचे सांगायला जायचे म्हटले तर उंबरठाही ओलांडू दिला जात नाही.

इथे माझी स्वतःची चूक सांगायला हवी. वस्तीच्या रीतीप्रमाणे काम करायचे म्हणून मी एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून आरोग्याची बैठक घेतली. खोली भरली होती, वाणाच्या स्टीलच्या वाट्या वाटल्या होत्या, आणि त्याआधीच्या बैठकीत कंडोमचा तक्ता पाहून पदर तोंडाला लावून निघून गेलेल्या बायकाही या वेळी हसत बसल्या होत्या. मला वाटले, साधले. घरी जाताना कोपऱ्यावर एक विधवा काकू भेटल्या आणि त्यांनी सहज विचारले, "आज काय होतं गं तुमचं?" त्या क्षणी माझ्या लक्षात आले की ज्यांना नवऱ्याने टाकले, ज्यांचा नवरा एड्सने गेला, ज्या कुणाच्या तरी घरात दिराच्या धाकात दिवस काढत होत्या, त्या सगळ्याजणींना मीच बाहेर ठेवले होते. आधारावाचून असलेल्या बायकाच त्या खोलीत नव्हत्या. शिवाय त्या वस्तीत उत्तर प्रदेशातून आलेली मुस्लिम कुटुंबे होती, मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबे होती. त्यांच्यासाठी हळदीकुंकू ही 'आपली' रीत नव्हतीच.

म्हणून कार्यक्रम संस्कृतीला धरून असावा, असे कुणी म्हटले की मी थोडी सावध होते. संस्कृती कुणाची आणि तिच्यात कोण बसत नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. लोकांचा शब्द घ्यावा, त्यांच्या बसण्या-उठण्याची जागा आणि वेळ पाळावी, त्यांच्या विश्वासातल्या माणसाच्या तोंडून बोलावे, हे सगळे मला मान्य आहे. मात्र, नवऱ्याने मारले तर दाद मागायची नसते, हीसुद्धा रीतच आहे, आणि तिच्याशी जुळवून घेणाऱ्या कार्यक्रमाने बाईचे काहीही भले होत नाही.

या दोन्ही गोष्टींचा तोल साधलेले जे काम मला माहीत आहे, ते त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाले. 'चार्म' या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात १,०८१ तरुण जोडपी सहभागी होती. विषय कुटुंबनियोजनाचा होता, म्हणजे ज्याबद्दल गावात उघड बोलता येते असा. समुपदेशन करणारे होते गावातच आरोग्यसेवा देणारे आणि त्यासाठी प्रशिक्षण घेतलेले पुरुष. पहिल्या दोन बैठका फक्त नवऱ्याबरोबर आणि तिसरी दोघांबरोबर, अशी रचना होती. मुलगाच हवा हा हट्ट, लग्न झाल्याबरोबर मूल व्हावे हा घरच्यांचा आग्रह, गर्भनिरोधकांबद्दलचे गैरसमज, निर्णय कोणी घ्यायचा आणि हात उगारण्याचा हक्क कुणी दिला, अशा वाटेने ती बोलणी पुढे सरकत. संशोधक अनिता राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे हे समुपदेशन मिळालेल्या जोडप्यांमध्ये आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर वाढला. दीड वर्षानंतर नवऱ्याकडून लैंगिक बळजबरी झाल्याचे सांगण्याची शक्यता या गटातील स्त्रियांमध्ये, नेहमीच्याच सेवा मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत, निम्म्याने कमी होती. अशी बळजबरी योग्य मानणारे पुरुषही कमी झाले होते.

तीन बैठकांत एवढे घडावे, याचे मला आधी आश्चर्य वाटले. मग लक्षात आले की या पुरुषांना असे कुणी आयुष्यात पहिल्यांदाच समोर बसवून विचारत होते. माता-बालसंगोपनाच्या आपल्या साऱ्या योजनांत नवरा दाराबाहेर उभा असतो, केसपेपरसाठी रांग धरणारा, फार तर सहीपुरता आत येणारा.

वयात येणाऱ्या आणि तरुण मुलांसाठीही मुंबईत प्रयोग झाले. ब्राझीलमध्ये तयार झालेला स्त्री-पुरुष समानतेचा एक अभ्यासक्रम इथल्या तरुणांशी बोलून, त्यांच्या भाषेत 'यारी-दोस्ती' या नावाने घडवला गेला आणि चेंबूरची 'कोरो' ही संस्था त्यात होती. 'परिवर्तन' या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच मुलांशी मुलींच्या सन्मानाबद्दल बोलायला शिकवले गेले. मुले आईबापांचे ऐकोत न ऐकोत, फलंदाजीचा क्रम ठरवणाऱ्या सरांचे ऐकतात, हे ज्याला सुचले त्याला मैदान ठाऊक असणार.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील ७० गावे-वस्त्यांमध्ये 'स्टेपिंग स्टोन्स' या एचआयव्ही रोखण्यासाठीच्या कार्यक्रमाची काटेकोर चाचणी झाली. मुलामुलींच्या वेगवेगळ्या गटांत, तीन-तीन तासांच्या १३ बैठका घेतल्या गेल्या. २००८ मध्ये आलेल्या निकालात जननेंद्रियांच्या हर्पिसचे, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या नागिणीचे, नवे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले आणि दोन वर्षांनंतर जोडीदाराला मारल्याचे सांगणारे पुरुषही कमी झाले होते. एचआयव्हीच्या नव्या संसर्गात मात्र घट दिसली नाही. हिंसाचाराचे आकडे तर माणसे स्वतः जे सांगतात त्यावरच उभे असतात, आणि कार्यक्रमात बसलेल्या पुरुषाला कोणते उत्तर शोभते हे कळलेले असते. आमच्या संस्थेचा निधी तिसऱ्या वर्षी थांबला तेव्हा वस्तीतला पुरुषांचा गटही दोन महिन्यांत विस्कळीत झाला, हेही मी पाहिले आहे.

कायद्याचा आधारही अर्धवट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख स्पष्ट आहे, म्हणून त्याखाली संरक्षण मागता येते. पण अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेला बलात्कार भारतीय न्याय संहितेतही अपवाद म्हणून गुन्ह्याच्या बाहेरच ठेवलेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८ ते ४९ वयोगटातल्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले. ज्या प्रश्नाला कायद्यात नाव नाही तो प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत येतो, आणि त्या खोलीला बहुतेक ठिकाणी दारसुद्धा नसते. माझ्या वाट्याला एक पडदा होता.

त्या पडद्यापलीकडे एकदा दुपारी उशिरा एक माणूस येऊन उभा राहिला. भाजीची गाडी लावणारा होता, हाताला कोथिंबिरीचा वास होता. आत या म्हटले तरी तो आला नाही. न फोडलेले पाकीट परत आणणाऱ्या बाईचा तो नवरा होता. तोवर आम्ही वस्तीतल्या एका वैद्यांना गाठून पुरुषांशी काय आणि कसे बोलायचे याची त्यांच्याशी चर्चा केली होती, आणि तो कमजोरीची तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेला होता. वैद्यांनी त्याला आमच्याकडे पाठवले होते. बराच वेळ इकडेतिकडे पाहून तो म्हणाला, "बायकोला गोळ्या दिल्या, त्यात माझ्या पण होत्या म्हणे. मग मला का नाही बोलावलं कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी खुर्ची पुढे केली, पडदा ओढून घेतला आणि त्याला आधी त्याच्या कमजोरीबद्दल विचारले. मारण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो तिसऱ्या भेटीत निघाला, आणि त्यानेच काढला. त्या महिन्यापासून आम्ही रविवार सकाळची वेळ पुरुषांसाठी राखून ठेवली, कारण गाडी लावणाऱ्यांना आणि नाक्यावर उभे राहणाऱ्यांना तेवढीच वेळ जमत होती.