शेकर ते परवाना

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली, तेव्हा बारमध्ये काम करणाऱ्या आम्हा मूल तालुक्यातील मुलांना नागपूर गाठावे लागले, आणि कॉकटेलची खरी विद्या मला तिथेच मिळाली: लिंबू आयत्या वेळी पिळायचे, पाक मोजूनच घालायचा आणि शेकरच्या, म्हणजे पेय हलवून मिसळण्याच्या बंद भांड्याच्या, बाहेरील अंगावर पांढरे हिव धरेपर्यंत हात थांबवायचा नाही. २०२१ मध्ये बंदी उठल्यावर मी परतलो. स्वतःचा बार काढताना भांडवलापेक्षा एफएल-३ या बारमध्ये दारू विकण्याच्या परवान्याच्या कागदपत्रांनीच अधिक दमवले. आज माझ्या बारमध्ये केसर काढून वाळवलेल्या मोहफुलांचा पाक, मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातून धरणाऱ्या, संत्र्यांचा रस आणि रम यांचे पेय सर्वाधिक मागितले जाते. मोहाला केवळ हातभट्टीशी जोडणाऱ्यांनी ते एकदा अवश्य चाखावे, असे मला मनापासून वाटते.