शंभराचे एकशे साठ

माझी भाची सात वर्षांची आहे आणि तिला 16 चा पाढा येतो. नुसता पाठ नाही, वापरता येतो. गेल्या गेल्या मी कौतुकानं तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवली तर तिनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, मामा ही इथं चालत नाही, शंभरच्या पाच दे, मग माझे आठशे होतील. मी गार. दाजी नुसते हसत होते.

ताई वीरगंजला असते, नेपाळात, आपल्या शंभराचे तिथं एकशे साठ होतात. बाहेरच्यांना हे ऐकून आश्चर्य वाटतं पण आमच्या सांगलीच्या खानापूर आटपाडीकडं याचं कुणाला काही वाटत नाही. विट्याच्या आसपास कुठल्याही गावात विचारा, भावकीतलं कोण ना कोण गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, बाहेर असतंच, कोण कोइमतूरला, कोण आसाममध्ये, तसे आमचे दाजी वीरगंजला. सतराव्या वर्षी चुलत्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून गेले, आता स्वतःची भट्टी आहे. सराफ लोक मोडीचे दागिने घेऊन येतात, मूस तापवायची, टाकणखार टाकायचा, वितळवायचं, ॲसिडात घालून तांबं चांदी वेगळं काढायचं, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून द्यायचा. दहा बाय बाराची खोली, डोळ्यात चुरचुरणारा वास आणि फरशी झाडलेला कचरासुद्धा फेकायचा नाही कारण त्यात सोनं असतं. विट्यात जशी, तशीच तिथं. फक्त तिथं सोनं तोळ्यावर चालतं, आणि तोळा म्हणजे पक्का 11.66 ग्रॅम, आपल्यासारखा दहाचा नाही.

मी गेलो होतो फेब्रुवारी 2024 मध्ये. कल्याणहून रक्सौलची, म्हणजे सीमेच्या अलीकडच्या बिहारमधल्या गावाची, गाडी, दीड दिवसाचा प्रवास म्हणायचा आणि लेट धरून दोन दिवसांचा. शेवटी शेवटी सगौली नावाचं जंक्शन लागतं, तिथं बोर्ड वाचून डोक्यात ट्यूब पेटली की अरे ही तीच सुगौली, 1815 ला ईस्ट इंडिया कंपनीनं नेपाळशी तह लिहिला आणि 1816 ला तो पक्का झाला, आजची सीमा बरीचशी त्यातनंच आली. स्टेशनवर त्याची काही खूण दिसली नाही. चहा बरा होता.

आता मुद्द्याचं. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की आपण मोठा देश, नेपाळ छोटा आणि गरीब, म्हणजे आपल्या बाजूनं चकाचक असेल आणि पलीकडं गेल्यावर उतरती कळा. झालं उलटं. रक्सौलला उतरलो तर धूळ, उघडी गटारं, रेल्वे फाटकापाशी ट्रकची रांग, आणि एका टमटमवाल्यानं (घोड्याची, खरी घोड्याची) मला सामानासकट वर चढवलं. फाटक उघडायला पाऊण तास. मग कस्टम, मग सीमेवर पहारा देणारे एसएसबीचे जवान, मग मैत्री पूल, मग मोठी कमान, आणि कमानीच्या पलीकडं रुंद रस्ता, दुभाजक, बँका, हॉटेलं, शोरूम. पाचेक किलोमीटरचं अंतर. म्हणलं हे काय झालं?

दाजींनी एका वाक्यात सांगितलं. पाव्हणं, रक्सौल म्हणजे तुमच्या देशाचं परसदार आणि वीरगंज म्हणजे यांचं पुढचं दार.

हे मला फार पटलं. दिल्लीवरनं बघितलं तर रक्सौल म्हणजे बिहारचंही शेवटचं टोक, तिथं कोण कशाला पैसा ओतेल? पण काठमांडूवरनं बघितलं तर सगळा देश वीरगंजवरनं खातो. डिझेल, सिमेंटचा कच्चा माल, तांदूळ, औषधं, गाड्या, निम्मं जग इथनं आत जातं. कोलकात्याला जहाजातनं उतरलेले कंटेनर रेल्वेनं थेट तिथल्या सिर्सियाच्या ड्राय पोर्टवर येतात. 2018 मध्ये नवीन मोठा चेकपोस्टही झाला, तिकडं ट्रक वळले म्हणून जुन्या रस्त्याला जरा तरी श्वास घेता येतो असं ताई म्हणते. आणि तसंही सरासरी काढली तर बिहारचं दरडोई उत्पन्न नेपाळपेक्षा कमीच भरतं. देश मोठा असला म्हणून सीमेवरचा माणूस मोठा होत नाही.

पण मग नेपाळवाले खूश? तेही नाही. वीरगंज मधेस प्रांतात येतं, आणि तो प्रांत नेपाळातल्या मागासांपैकी एक. लोक भोजपुरी बोलतात, पलीकडच्या मोतिहारीतल्यांसारखेच दिसतात, आणि म्हणून काठमांडूत त्यांना अजून कुणीतरी विचारतं की तू इंडियाचा का. रोटी-बेटीचं नातं आहे, म्हणजे रक्सौलच्या मुली वीरगंजला आणि तिकडच्या इकडं सर्रास दिल्या जातात, वरात सीमा ओलांडून जाते. पण लग्न करून आलेल्या बाईला मिळतं ते अंगीकृत नागरिकत्व, आणि 2015 च्या राज्यघटनेनं अशा माणसाला राष्ट्रपती, पंतप्रधान वगैरे पदांची दारं बंद केली. शेजारच्या काकूंना राष्ट्रपती व्हायचं नाहीये हो, पण त्यांना ते लागतं.

इथलं सगळं जगणं फरकावर चालतं. कुठली वस्तू कुठं स्वस्त एवढंच बघायचं. दाजींचे चुलते सांगतात की 1991 च्या आधी पटण्या-मुजफ्फरपूरचे लोक वीरगंजला खरेदीला यायचे, टेपरेकॉर्डर, घड्याळं, परदेशी कापड, जे आपल्याकडं मिळायचं नाही ते सगळं. मग आपली बाजारपेठ उघडली आणि ती गर्दी ओसरली, त्यातल्या कितीतरी दुकानांनी मग चपला आणि जॅकेटं ठेवली. आता उलटी गंगा, वीरगंजची माणसं डाळ, साखर, कपडे आणायला रक्सौलला जातात, आणि 2023 मध्ये नेपाळनं शंभर रुपयांच्या वरच्या मालावर भन्सार, म्हणजे जकात, कडक केली तेव्हा बायका पिशव्या घेऊन पोलिसांशी भांडत होत्या की दिवाळीची साडी शंभरात कुठली येते? शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट.

बिहारमध्ये 2016 पासून दारूबंदी आहे, त्यामुळं संध्याकाळी रक्सौलकडनं वीरगंजकडं जाणारी गर्दी वेगळी असते आणि परत येणारी त्याहून वेगळी. 2021 मध्ये आपल्याकडं पेट्रोल भडकलं तेव्हा इकडची पोरं पलीकडं टाक्या फुल्ल करून यायची, आणि पेट्रोल नेपाळला जातं कुठनं, तर भारतातनंच! टॅक्सचा खेळ सगळा. युरियाचं तसंच. आपल्याकडं 45 किलोची गोणी सबसिडीत 266 रुपये 50 पैशाला, पलीकडं ऐन भात लावणीत मिळतच नाही, मग गोणी सायकलवर टाकून शेताच्या बांधानं पोरं निघतात. त्यांना तिथं कॅरियर म्हणतात. शाळा सोडलेली पोरं, एका खेपेला काहीतरी सुटतं. मला एकानं विचारलं, तुमच्याकडं पोरं काय करतात? मी म्हणलं झोमॅटो. तो म्हणाला मग तेच की.

सोन्याचं तर विचारूच नका. दाजी त्या विषयावर बोलत नाहीत, एवढंच म्हणतात की शुल्काचा आकडा दिल्लीत हलला की इथं भाव आधी हलतो. मी येऊन गेल्यावर जुलै 2024 ला आपण सोन्यावरचं शुल्क 15 वरनं 6 टक्क्यांवर आणलं, तेव्हा त्यांचा फोन आला होता, आवाज पडलेला. मी जास्त खोदलं नाही.

आणि एक गोष्ट मला अजून छळते ती म्हणजे नदी. वीरगंजमध्ये तिला सिर्सिया म्हणतात, रक्सौलला आल्यावर ती सरिसवा होते. वरच्या बाजूला बारा आणि पर्सा या नेपाळी जिल्ह्यांतले कारखाने, त्यांचं सगळं सांडपाणी तिच्यात. काळी. म्हणजे खरंच काळी, गाडीचं ऑइल बदलताना निघतं तशी. छठपूजेला रक्सौलच्या बायका तिच्या काठावर उभ्या राहतात. इथं मोठा देश खालच्या अंगाला आहे आणि काही करू शकत नाही, की करायचं नाही, कोण जाणे.

मोठा देश म्हणजे काय ते कळलं 2015 ला, असं ताई म्हणते. एप्रिलमध्ये भूकंप झाला होता, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली, ती पटली नाही म्हणून मधेशी, म्हणजे वीरगंजकडचे, लोक रस्त्यावर उतरले आणि मैत्री पुलावर ठाण मांडून बसले, आणि त्याच वेळी भारतातनं ट्रक जायचे थांबले. आपलं सरकार म्हणायचं आम्ही अडवलं नाही, आंदोलनामुळं ड्रायव्हर जायला घाबरतात. काठमांडू म्हणायचं ही नाकाबंदी आहे. साडेचार महिने. सिलिंडर अर्धे भरून वाटायचे. ताई विट्यात फ्लॅटमध्ये वाढलेली नाही, चूल तिला येत होती, पण तिसऱ्या मजल्यावर गच्चीत विटा मांडून लाकडं पेटवायची आणि खाली दाजींची भट्टी गॅसविना गार. शेजारी सगळे आंदोलनवाले, त्यांच्याबद्दल तिला राग नव्हता. मी तेव्हा पुण्यात होतो, मला फोनवर म्हणाली तुमचं सरकार काय करतंय रे? तुमचं! मी म्हणलं तुझं कुठलं मग? ती गप्प बसली.

त्यानंतर चीनकडनं तेल आणायच्या गप्पा झाल्या, पण हिमालय मध्ये आहे. शेवटी 2019 ला मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरची पाइपलाइन झाली आणि डिझेल आता पुलावरनं न जाता जमिनीखालनं जातं. सोय झाली. नळ मात्र अजून इकडच्याच बाजूला.

नोटांचंही असंच. 1993 पासून शंभराला एकशे साठ हा दर हललेला नाही, बाजारात आपलं नाणं सगळे घेतात, आयसी, म्हणजे इंडियन करन्सी, देणार की नेपाळी एवढंच विचारतात. पण 2016 ला आपण एका रात्रीत पाचशे-हजार बाद केल्या तेव्हा नेपाळात ज्यांनी गादीखाली आपल्या नोटा जपून ठेवल्या होत्या ते अडकले, मजुरी करून आणलेले पैसे हो. मग 2018 ला नेपाळनंच शंभरच्या वरची नोट नको म्हणून सांगितलं. मी गेलो तेव्हा तो नियम लागू होता, भाचीनं माझी पाचशेची परत दिली ती यामुळं.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढं, सुट्टी शनिवारी. या दोन गोष्टींची सवय चार दिवसांत होते. ताश आणि भुजा, म्हणजे तव्यावरचं मटण आणि कुरमुरे, याची तर एका संध्याकाळीच झाली.

निघताना ताईनं माझ्या हातात आठशे नेपाळी कोंबले, वाटेत चहापाण्याला. मी रक्सौलला बदलायचे विसरलो, ते पुण्यात कपाटात पडून राहिले. आमच्या सोसायटीचा रात्रीचा वॉचमन नेपाळचा आहे, तो दसऱ्याला, त्यांच्या दशैंला, घरी निघाला तेव्हा आठवलं. त्याचा जिल्हा पार पश्चिमेला, तो उत्तराखंडातल्या बनबसाकडनं जातो, वीरगंज त्यानं कधी बघितलेलं नाही. त्याला नोटा दाखवल्या. त्यानं मोजल्या, क्षणभरही विचार न करता खिशातनं पाचशेची एक नोट काढून मला दिली.

अरे राहू दे की, तुला म्हणूनच दिल्या, मी म्हणलं.

घ्या साहेब, तो म्हणाला, ही मला पलीकडं नेता येत नाही.