डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये राजाचं चांदीचं दान

इंग्लंडमधल्या डरहॅम स्टेशनावर उतरलं की कॅथीड्रल समोरच्या उंचवट्यावर दिसतं. चालत पंधरा-वीस मिनिटं, शेवटचा टप्पा चढाचा. 17 एप्रिल 2025, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार. राजे चार्ल्स इथे ‘रॉयल मॉन्डी’चं दान द्यायला आले होते. आत फक्त निमंत्रित, म्हणून आम्ही बाहेरच्या गर्दीत.

मॉन्डी हा शब्द लॅटिन ‘मांदातुम’, म्हणजे आज्ञा, यावरून आला. एकमेकांवर प्रीती करा, ही येशूने शिष्यांचे पाय धुऊन दिलेली ती आज्ञा. वसईच्या चर्चमध्ये या दिवशी पाय धुण्याचा विधी होतो. इंग्लंडमध्ये स्वतः पाय धुणारा शेवटचा राजा जेम्स दुसरा. पाणी गेलं, पण दानाधिकाऱ्यांच्या कमरेचे लिननचे पंचे आणि हातातले सुवासिक फुलांचे गुच्छ राहिले. आम्हाला या सोहळ्यातलं सर्वांत बोलकं हेच वाटतं.

राजाचं वय जितकं, तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया. त्या वर्षी 76 अधिक 76. पूर्वी गरिबांना दान मिळे; आता चर्च आणि समाजासाठी राबलेल्या वृद्धांची निवड होते. प्रत्येकाला कातडी थैल्या दोन, एक लाल, एक पांढरी. लालमध्ये अन्नवस्त्राच्या बदल्यात चलनी नाणी: एक 5 पौंडांचं, एक 50 पेन्सचं. पांढरीत खरी मॉन्डी नाणी, वयाइतके पेन्स.

हिशोब सोपा आहे. 1, 2, 3 आणि 4 पेन्स मिळून 10 पेन्सचा एक संच. 76 साठी सात संच, आणि उरलेल्या सहा पेन्सची सुटी नाणी. वजन किमतीच्याच प्रमाणात असतं, पेन्सला साधारण 0.47 ग्रॅम, त्यामुळे नाणी कशीही जुळवली तरी थैलीत 36 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन तोळ्यांवर थोडीच, 92.5 टक्के शुद्धतेची चांदी भरते. एक पेनी जेमतेम 11 मिलिमीटरची. तळहातावर घेतली तर बोटांच्या फटीतून सहज निसटेल. मागच्या बाजूला मुकुटाखाली आकडा, भोवती ओकच्या पानांची माळ. ही रचना 1822 पासूनची.

जुना संच विकत घेणार असाल तर तीन पेन्सचं नाणं आधी तपासा. 1927 पूर्वी व्यवहारातलं तीन पेन्सचं चांदीचं नाणंही याच नक्षीचं होतं, त्यामुळे हरवलेल्या मॉन्डी नाण्याच्या जागी तेच बसवलेले संच बाजारात बरेच सापडतात. चौघांवरचा काळसर रंग सारखा आहे का पाहा. एकच जास्त झिजलेलं किंवा चकचकीत असेल तर संच जुळवलेला असण्याची शक्यता मोठी. 1921 ते 1946 ची नाणी निम्म्याच चांदीची, हेही भाव ठरवताना धरा.

आणि घासूपुसू नका. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, काहीच नको. एकदा मूळ पृष्ठभाग गेला की परत येत नाही. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर हिरवट चिकट थर चढतो. आम्लमुक्त कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि हाताळताना फक्त कडेला धरा.