स्पीकर मोकळा आहे का?

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात नळ एक आणि बिऱ्हाडं सात. त्यामुळे "नळ मोकळा आहे का?" हा प्रश्न मी बोलायला लागल्यापासून ऐकत आलोय. मोठेपणी तोच प्रश्न कॉम्प्युटरच्या स्पीकरबद्दल विचारावा लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

2003 साल असावं. वाडा पडून फ्लॅट झाला होता, घरात नळ मोजायची गरज उरली नव्हती. कॉम्प्युटर मात्र एकच, तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेला. त्यावर मी हौसेनं विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम घातली होती. सकाळी बाबा अभंग लावायचे आणि दाढीचं पाणी तापलं की पॉज करून उठायचे. तेवढ्यात दादा गेम सुरू करायचा. गाड्या धावायच्या, आपटायच्या, पण सगळं मुकाट. टर्मिनलवर, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, एक ओळ उमटलेली असायची: "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी." म्हणजे, दुसरं कुणीतरी वापरतंय.

"अरे, पण काहीच वाजत नाहीये!" दादा ओरडायचा. वाजत नव्हतं हे खरं. पण बाबांच्या प्लेअरनं साउंड कार्ड, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा भाग, उघडून धरलं होतं. नळाखाली रिकामी बादली ठेवून चहाला गेलेला माणूस आठवतो? पाणी त्याचं नाही, पण जागा त्याची. 'फ्यूजर' नावाची एक कमांड होती, ती बादली कुणाची आहे ते सांगायची. आणखी एक अक्षर जोडलं की बादली उचलून फेकायचीही सोय होती. दादा ते अक्षर फार लवकर शिकला.

दोष कार्डाचाही म्हणता येत नाही. मदरबोर्डवरच्या साध्या चिपला एका वेळी एकच प्रवाह कळायचा. आवाज म्हणजे तिच्या लेखी नुसते आकडे: सीडीच्या गाण्यात सेकंदाला 44,100, प्रत्येक आकडा उणे 32,768 ते 32,767 यांच्या मधला. दोन आवाज एकत्र वाजवायचे म्हणजे त्या-त्या क्षणाचे दोन आकडे मिळवायचे. बस्स! हवा हेच करते, म्हणून तर देवघरातली घंटा आणि कुकरची शिट्टी एकदम ऐकू येतात. दुसरीतल्या पोराला जमेल अशी ही बेरीज, पण करायची कुणी, यावर कित्येक वर्षं गेली. (पुण्यात सोसायटीच्या जिन्यातला दिवा कुणी लावायचा यावरही जातात.)

विंडोजवाले मित्र हसायचे. त्यांच्या विंडोज 2000 मध्ये ही बेरीज आतल्या आत होऊन जायची. आमच्याकडे त्यासाठी मध्यस्थ नेमलेले. लिनक्सचे डेस्कटॉप दोन, ग्नोम आणि केडीई; ग्नोमचा मध्यस्थ ईएसडी, केडीईचा आर्ट्स. कल्पना नामी: कार्ड मध्यस्थानं धरायचं, बाकीच्यांनी आपापले आकडे त्याच्या हाती द्यायचे. पण मध्यस्थच दोन झाले आणि कार्डासाठी त्यांचीच जुंपायची. भांडण मिटवायला बोलावलेले पंच एकमेकांची गचांडी धरतायत, हे दृश्य आम्ही रोज बघत होतो.

मग मी तपकीर गल्लीतूनच एक वापरलेलं साउंड ब्लास्टर लाइव्ह आणलं. हे कार्ड बेरीज स्वतः, हार्डवेअरमध्ये करायचं. ते बसवलं त्या दिवशी बाबांचे अभंग आणि दादाच्या गाड्या पहिल्यांदा एकत्र वाजल्या. घरात क्षणभर शांतता पसरली, म्हणजे माणसांची. मग आई म्हणाली, "याच्यासाठी पैसे घातलेस?"

बेरजेतली खरी गोम तिला आमच्याआधी कळली होती. पुण्यात ती दरवर्षी विसर्जनाला दिसते. लक्ष्मी रस्त्यावर मानाचे पाच गणपती ठरल्या क्रमानं जातात, आणि मागचं पथक थोडं अंतर राखून असलं की ढोलाचा ठोकान् ठोका वेगळा कळतो. अलका चौकात मात्र टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता सगळेच येऊन मिळतात. तिथं उभं राहिलं की ताल कळत नाही, नुसती छाती हादरते. आकड्यांचंही तसंच. दोन मोठे आकडे मिळवले आणि बेरीज 32,767 च्या वर गेली, तर वरचं सगळं छाटलं जातं. कानाला ती खरखर लागते. म्हणून मिसळणाऱ्याला नुसती बेरीज येऊन चालत नाही, प्रत्येकाला थोडं खाली बसवताही यावं लागतं. शिवाय कुणी 44,100 च्या चालीनं येतो, कुणी 48,000 च्या. आधी सगळ्यांना एका लयीत आणायचं, मगच मिसळायचं.

पुढे लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेत, अल्सामध्ये, बेरीज करणारं डीमिक्स आलं आणि साध्या चिपवरही भागायला लागलं, फक्त घरच्या फोल्डरमध्ये एक फाइल लिहायची, जी पहिल्या फटक्यात कुणालाच जमली नाही. 2007 मध्ये फेडोरा 8 या लिनक्सच्या आवृत्तीनं पल्सऑडिओ हा नवा मध्यस्थ आणला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला आवाजाची स्वतंत्र पट्टी मिळाली. नव्या व्यवस्थेला पडायच्या त्या शिव्या पडल्याच. 2021 पासून फेडोरात त्याच्या जागी पाइपवायर आहे. ते येऊन बसलं हे मला तीन महिन्यांनी कळलं. मिसळणाऱ्याची याहून मोठी तारीफ मला करता येणार नाही.

आता ब्राउझरचे वीस टॅब, ऑफिसची मीटिंग, वॉट्सअपची टुणटुण, सगळे एकाच स्पीकरवर नांदतात. यातलं नक्की कोण वाजतंय, ते शोधण्यात माझी पाच-पाच मिनिटं जातात.

बाबा अजून सकाळी अभंग लावतात. परवा माझी मीटिंग संपत आली होती, तर चष्मा हातात घेऊन दाराशी उभे. म्हटलं, "बाबा, लावा की, आता दोन्ही एकदम वाजतं."

"वाजत असेल," ते म्हणाले. "तुझं होऊ दे आधी." आणि खुर्ची ओढून बसून राहिले.